शाळा न पाहिलेल्या आजीची परीक्षा



आज म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याबद्दल बोलू या. सासूबाई एकच गोष्ट चारदा विचारतात, चुलीवरचं दूध उतू जातं, पैसे कुठे ठेवले ते आठवत नाही, की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'साठी बुद्धी नाठी'. एवढं म्हटलं की विषय संपतो. वयच झालं, मग करायचं काय?

पण साठी ओलांडलेल्या सगळ्यांचीच बुद्धी नाठी होत नाही. ऐंशीव्या वर्षी गावातल्या प्रत्येक घराची सोयरीक सांगणाऱ्या आज्या आपण पाहतो. काहींची आठवण मात्र हळूहळू पुसत जाते आणि तो आजार असतो. त्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. वयाचं विसरणं कोणतं आणि आजाराचं कोणतं, आणि आजाराचं असेल तर ते लवकर कसं ओळखायचं, यासाठी गेली सव्वाशे वर्षं माणसं परीक्षा तयार करत आली आहेत. त्या परीक्षांचा इतिहास आज सांगते. तो सांगायचं कारण असं की या परीक्षा बराच काळ आपल्या आजीला नीट ओळखतच नव्हत्या. ज्यांनी त्या तयार केल्या, त्यांच्यासमोर शाळा शिकलेली माणसं होती. आपल्या आज्यांनी शाळा पाहिलीच नव्हती. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभर बायांमागे जेमतेम नऊ बायांना लिहिता-वाचता येत होतं. आज पंच्याहत्तरीत असलेल्या आपल्या माय-माऊल्या त्याच काळातल्या लेकी.

सुरुवात झाली जर्मनीत. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस नावाच्या अभ्यासकाने विसरणं मोजून दाखवलं. त्याने अर्थ नसलेली लहान लहान अक्षरं जुळवली, ती पाठ केली आणि वीस मिनिटांनी, तासाने, दिवसाने त्यातलं किती उरलं ते स्वतःवरच तपासलं. पाठ केलेलं पहिल्या तासातच भराभर निसटतं, मग निसटण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. यातून एक गोष्ट पक्की झाली. धान्य मापाने मोजता येतं, तशी आठवणही मोजता येते.

पुढे १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच देशात, फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिचं नाव ऑगुस्ते डेटर. ती नवऱ्यावर संशय घ्यायची, वस्तू कुठेतरी लपवून ठेवायची, तिला स्वयंपाक जमेनासा झाला होता. तिथले डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. त्यांनी तिला पेन्सिल, किल्ली अशा वस्तू दाखवल्या. तिने सगळ्यांची नावं बरोबर सांगितली. वस्तू बाजूला ठेवून थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं, मघाशी काय पाहिलं? तिला सांगता आलं नाही. जेवताना ताटात फुलकोबी होती आणि ती पालक खाते आहे असं सांगत होती. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या मध्ये गाठींसारखे साठे होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेत मांडलं. १९१० साली एका मोठ्या वैद्यकीय ग्रंथात या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत, त्यात सगळ्यात जास्त आढळणारा हा अल्झायमर.

आता यातली मेख समजून घ्या. वस्तू दाखवल्या दाखवल्या बाईने नावं बरोबर सांगितली होती. चूक झाली ती थोड्या वेळानंतर. आपल्या मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन लहानसे भाग आहेत. नवी गोष्ट आधी तिथे नोंदली जाते. अल्झायमरचा आजार बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. बचत गटाच्या नोंदवहीची जुनी पानं शाबूत आहेत, पण नव्या पानावर पेन उमटतच नाही, असं समजा. म्हणून आजीला पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातला आहेर आठवतो आणि सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नाही. घरचे म्हणतात, 'तिला जुनं सगळं आठवतं, तिला काय झालंय?' मैत्रिणींनो, जुनं आठवतं म्हणजे आजार नाही, असं होत नाही. तपासायचं असतं ते नवं.

म्हणूनच आजही जगभरच्या आठवणीच्या परीक्षांमध्ये हा भाग असतोच. तीन, दहा किंवा पंधरा शब्द सांगायचे, मध्ये दुसरं काही काम द्यायचं आणि मग तेच शब्द विचारायचे. काही परीक्षांमध्ये खूणही देतात, 'त्यात एक फळ होतं बघा'. खूण दिल्यावर आठवलं, तर गोष्ट आत आहे, फक्त सापडायला वेळ लागतोय. खुणेनेही आठवत नसेल, तर ती आत नोंदलीच गेली नसण्याची शक्यता वाढते. हा फरक डॉक्टरांना मोलाचा वाटतो.

१९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू या तीन डॉक्टरांनी तीस गुणांची एक छोटी परीक्षा छापली. आज तारीख कोणती, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळ आणि पेन्सिल ओळखा, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, ही आकृती पाहून काढा. पाच-दहा मिनिटांचं काम. कागद, पेन्सिल आणि घड्याळ असलं की झालं. म्हणून ती जगभर पसरली. चोवीसपेक्षा कमी गुण पडले की डॉक्टर सावध व्हायचे.

आता हीच परीक्षा आपल्या गावातल्या आजीला देऊन बघा. कोणत्या मजूरणीने किती किलो कापूस वेचला आणि कुणाचे किती पैसे झाले, हे ती तोंडी सांगेल. पण शंभरातून सात वजा, त्यातून पुन्हा सात, हे असं नुसत्या आकड्यांचं गणित तिला कुणी कधी विचारलेलंच नाही. वाचायला सांगितलं, गुण गेला. लिहायला सांगितलं, गुण गेला. पेन्सिल हातात धरून आकृती काढायची, तोही गुण गेला. इंग्रजी तारखेशी तिचं काम पडत नाही, तिला पोळा किती दिवसांवर आला ते माहीत असतं. आठवण शाबूत असलेली बाई अशी कागदावर आजारी ठरते.

ही अडचण फक्त आपलीच नव्हती. १९९३ साली अमेरिकेतल्या अठरा हजारांवर माणसांचे या परीक्षेतले गुण छापून आले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचे मधले गुण २९ होते. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचे २६. चार वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचे २२. म्हणजे त्या देशातही कमी शिकलेली निम्मी माणसं चोवीसच्या खालीच जात होती. परीक्षा आठवण मोजत होती, पण आठवणीबरोबर शाळाही मोजत होती. याची दुसरी बाजूही बघा. भरपूर शिकलेल्या निवृत्त मास्तरांची आठवण खालावू लागली, तरी ते सवयीने २७-२८ गुण मिळवतात. त्यांचा आजार लपून राहतो.

यावर उपाय शोधायचं मोठं काम आपल्याच देशात झालं, आणि तेही खेड्यात. हरियाणातल्या बल्लभगड भागात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम चालतं. तिथे डॉ. मेरी गांगुली, डॉ. विजय चंद्रा आणि त्यांच्या सोबत्यांनी ५५ वर्षांवरच्या पाच हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास केला. त्यातले शंभरात त्र्याहत्तर निरक्षर होते. त्यांच्यासाठी हिंदीत नवी परीक्षा बांधली आणि १९९५ साली ती छापली.

त्यांनी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकी परीक्षेत एक वाक्य वाचून डोळे मिटायचे असायचे. इथे विचारणारी व्यक्ती म्हणते, माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा, आणि स्वतः डोळे मिटते. वाक्य लिहायच्या जागी सांगितलं, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. शंभरातून सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. सकाळ आहे, दुपार आहे की संध्याकाळ, ऋतू कोणता, गाव कोणतं, टपाल कोणत्या पोस्टात येतं, असे प्रश्न आले. लक्षात ठेवायचे शब्दही घरातले, रोजच्या वापरातले घेतले. प्रश्न सोपे केले असं समजू नका. जे मोजायचं तेच मोजलं जाईल, असे ते केले. न शिकणं वेगळं आणि विसरणं वेगळं, हे या परीक्षेने मानलं.

त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट निघाली. फक्त आजीला विचारून भागत नाही, तिच्यासोबत राहणाऱ्यांनाही विचारायला हवं. म्हणून रोजच्या जगण्यावरची एक प्रश्नावली तयार झाली. निरोप सांगितला तर ती पोचवते का? गावात वाट चुकते का? होळी-दिवाळी कधी ते लक्षात असतं का? हाती घेतलेलं काम पुरं करते का? जेवल्याचं विसरते का? या प्रश्नांची उत्तरं कोणाजवळ असतात? सुनेजवळ, लेकीजवळ, शेजारणीजवळ. म्हणजे आपल्याजवळ.

पुढे १९९८ साली जगभरच्या अभ्यासकांनी एक गट स्थापन केला. त्याचं नाव त्यांनी १०/६६ असं ठेवलं. स्मृतिभ्रंशाच्या शंभर रुग्णांपैकी सहासष्ट आपल्यासारख्या देशांत राहतात आणि त्यांच्यावरचं संशोधन मात्र शंभरात दहाही नाही, असा त्या नावाचा अर्थ. या गटानेही आजीची चाचणी आणि घरच्यांची माहिती एकत्र जोडली, म्हणजे शिक्षण कमी म्हणून कुणी उगाच आजारी ठरणार नाही.

या कामात आपल्या शेजारचं गोवाही होतं. गोव्यात लोकांशी बोलल्यावर कळलं, की घरोघरी लक्षणं ओळखीची आहेत, पण ती म्हातारपणाचाच भाग समजली जातात. मग तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत एक प्रयोग झाला. स्थानिक लोकांना थोडं शिक्षण देऊन ८१ कुटुंबांपैकी निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने नेमाने पाठवलं. ते डॉक्टर नव्हते. घरच्यांना आजार समजावायचा, सांभाळायचं कसं ते सांगायचं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. २००८ साली निष्कर्ष छापले गेले. ज्या घरी भेटी झाल्या तिथल्या सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला होता. गावातल्या माणसाने शिकून घेतलं तर काय होऊ शकतं, याचा हा पुरावा.

आता येऊ आपल्या काळात. मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून जास्त माणसांची पाहणी झाली. त्यात दहा शब्द ऐकून लगेच आणि नंतर पुन्हा सांगण्याची चाचणी होती. त्यातल्या साठीपुढच्या काही हजार माणसांची आणखी बारकाईने तपासणी झाली. बल्लभगडच्या खेड्यात जन्मलेली ती परीक्षा या तपासणीत होती. महाराष्ट्रही होता. २०२३ साली आलेला अंदाज असा, की देशात साठीपुढच्या ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरात सात. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त.

मग या परीक्षांवरून पुढचं भविष्य सांगता येतं का? थोडं सांगता येतं, पण पंचांग पाहून सांगावं तसं नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या परिसरात १९८८ पासून म्हाताऱ्या माणसांची दर काही वर्षांनी तपासणी होत गेली. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांचे गुण आजार ठरण्याच्या कितीतरी वर्षं आधीच घसरू लागले होते. म्हणजे चाहूल आधी लागते. पण एकाच दिवशी कमी गुण पडले म्हणून काही ठरत नाही. थोडं जास्त विसरणाऱ्यांपैकी काहींना पुढे आजार होतो, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि काही सुधारतातही. खरी खबर मिळते ती त्याच माणसाला पुन्हा पुन्हा तपासून. आजीची तुलना शेजारच्या मास्तरीणबाईंशी करायची नाही. गेल्या वर्षीच्या तिच्या स्वतःशीच करायची.

आता आपल्या यवतमाळचं बघू. आपली आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे, तुम्ही जवळच्या माणसांची नावं किंवा आपल्या घराचा पत्ता विसरता का? हा प्रश्न फॉर्मवर आला, ही मोठीच गोष्ट. पण आताच आपण पाहिलं, जुनं सगळ्यात शेवटी पुसलं जातं. लेकाचं नाव विसरायची वेळ येते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. तोवर थांबायचं नसेल, तर आधीच्या खुणा घरातच टिपायला हव्यात. आणि आशाताई आल्यावर त्या तिला सांगायला हव्यात.

त्यासाठी एक साधी वही पुरे. महिन्यातून एकदा लिहा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते का? निरोप विसरते का? बाजारात पैशाचा हिशेब चुकू लागलाय का? ओळखीच्या वाटेवर गोंधळते का? नेहमीचा स्वयंपाक करताना मधलीच पायरी सुटते का? ज्या गोष्टी पूर्वी जमायच्या आणि आता जमत नाहीत, तेवढ्याच लिहा. जे तिला कधीच येत नव्हतं, ते लिहू नका. आणि एक विनंती, चार माणसांसमोर तिची परीक्षा घेऊ नका. 'सांग बरं आज वार कोणता' असं सगळ्यांदेखत विचारलं की ती लाजते आणि बोलायचंच सोडते.

वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून पुढे ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतील. तपासणी तिच्या बोलीत व्हायला हवी. घरात कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलत असतील, तर सोबत जाणारीने दुभाष्याचं काम करावं, पण उत्तर मात्र तिलाच देऊ द्यावं. चष्मा असेल तर घालून न्या. कानाने कमी ऐकू येत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा. ज्याला शब्द ऐकूच गेला नाही, त्याला तो आठवणार कसा?

डॉक्टरांकडे जायचं पहिलं कारण असं, की विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा आजार, मनावरचं औदासीन्य, झोपेच्या गोळ्या, लघवीचा संसर्ग, वाढलेली साखर. धनी गेल्यावर जी बाई गप्प गप्प झाली, तिची आठवण दुःखानेही मंदावलेली असू शकते. हे सगळं तपासल्यावर स्मृतिभ्रंशच निघाला, तर तो बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी थोडा काळ फरक पडतो. मग लवकर कळून मिळतं काय? वेळ मिळतो. आजी स्वतः विचार करू शकते तोवर तिला विचारता येतं, शेताचं काय करायचं, बँकेचं खातं कुणी बघायचं, तुला कुणाजवळ राहायचंय. उशीर झाला की तिचा अंगठा दुसऱ्याच कुणाच्या हातात जातो. सातबाऱ्यावरचं नाव कसं गेलं हे तिला आठवतही नाही. आणि रात्री उठून फिरणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या म्हातारीला 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारे-धुपारे करत बसलो, तर तोही वेळ वाया जातो.

आजार टाळता येतो का? पूर्ण नाही. पण २०२४ साली जगातल्या तज्ज्ञांच्या एका समितीने चौदा कारणं सांगितली, ज्यांवर काम केलं तर जगातल्या निम्म्याच्या आसपास स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, धुराची हवा ही त्यातलीच. आणि त्यात एक कारण आहे, लहानपणी शाळा न मिळणं. ज्यांनी आयुष्यभर डोकं चालवलं, त्यांच्या मेंदूजवळ जास्त शिदोरी असते. अमेरिकेत ६७८ जोगिणींचा दीर्घ अभ्यास झाला. त्यांनी आपले मेंदू मरणोत्तर तपासायला दिले होते. काहींच्या मेंदूत आजाराच्या गाठी भरपूर सापडल्या, पण जिवंतपणी त्यांची आठवण चांगली होती.

आपल्या आज्यांची शाळा चुकली, ती त्यांच्या हातात नव्हती. पण आज त्यांना गटाच्या बैठकीला बोलावणं आपल्या हातात आहे. जुन्या ओव्या सांगायला, बियाणं निवडायला, हिशेब ऐकायला त्यांना बसवा. कानाचं यंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची गोळी याकडे 'आता या वयात कशाला' म्हणून बघू नका. आणि नातीची शाळा सुटू देऊ नका, कारण सत्तर वर्षांनी परीक्षा तिचीही होणार आहे.

दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७, आणि मनाच्या आजाराबद्दल विचारायला १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं, एवढंच आज सांगते.